गाडी ठोकली: रस्त्यापासून क्लेमचे पैसे मिळेपर्यंत

क्लेम फॉर्मवरची हकीकत, पत्र्यावरचे घाव आणि हातातले कागद या तिन्हींचा मेळ बसला की मोटार विम्याचा क्लेम सहसा अडत नाही. हा मेळ बिघडतो तो पहिल्या दोन-तीन तासांत: घाबरून, घाईत किंवा बघ्यांपैकी कुणीतरी दिलेल्या सल्ल्यावरून. त्यामुळे इथे फॉर्मच्या आधी रस्ता आहे. पुढचं सगळं खासगी कारबद्दल आहे; टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना परमिट आणि फिटनेसच्या जादा अटी लागतात.

रस्त्यावर

कुणाला लागलं असेल तर आधी माणूस, मग गाडी. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला उपचार मिळवून देणं, पोलिसांना शक्य तितक्या लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत कळवणं, विमा कंपनीला अपघाताची लेखी माहिती देणं, या चालकाच्या जबाबदाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच लिहिलेल्या आहेत. जमाव अंगावर आला म्हणून जागा सोडावी लागली, तर त्याची मुभा त्याच कलमात आहे. पण मग थेट जवळचं पोलीस ठाणं गाठा. ‘पळून गेला’ आणि ‘ठाण्यात हजर झाला’ यातला फरक शेवटी नोंदीवरच्या वेळेने ठरतो. जखमींच्या खर्चाची चिंता असेल तर एवढं माहीत असू द्या, की केंद्र सरकारच्या मे २०२५ च्या योजनेनुसार ठरलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात.

गाडी बाजूला घेण्याआधी फोटो काढा. रहदारी खोळंबली असली तरी त्यासाठी दोन मिनिटं मिळतातच. जवळून काढलेले चेपलेल्या पत्र्याचे वीस फोटो फारसे कामाचे नसतात. कामाचे असतात ते हे: नंबरप्लेट आणि मार एकाच चौकटीत दिसेल असा फोटो, गाडीचे चारही कोपरे (न लागलेलेसुद्धा), दोन्ही गाड्या जशा थांबल्या तशा, रस्त्यावरची काच आणि ब्रेकच्या खुणा, समोरच्या गाडीची नंबरप्लेट, जागा ओळखता येईल असा किलोमीटरचा दगड किंवा दुकानाची पाटी, आणि ओडोमीटरचा आकडा. मग गाडीभोवती एक फेरी मारून सलग व्हिडिओ घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोंतून मूळ तारीख-वेळेची माहिती निघून जाते, तेव्हा मूळ फोटो फोनमधून पुसू नका. डॅशकॅम असेल तर त्याचं कार्ड लगेच काढून ठेवा. तो जुन्यावर नवं रेकॉर्ड करत जातो, आणि गाडी टो करताना तो चालू राहिला तर नेमकी अपघाताची क्लिप जाऊ शकते.

किल्ली फिरवण्याआधी खाली वाका

‘चालू होते का बघू’ म्हणून मारलेला स्टार्टर फार महाग पडतो. नेहमीचा प्रकार असा: घाटात किंवा गावाकडच्या रस्त्यावर दगड लागून ऑइलचा चेंबर फुटतो, ऑइल गळायला लागतं, गाडी मात्र चालत असते. ‘पुढच्या गावात गॅरेज आहे’ म्हणून पाच-सात किलोमीटर ओढली की इंजिन सीझ होतं. विमा कंपनी चेंबरचे पैसे देते, इंजिनचे नाही. कारण चेंबर अपघाताने फुटला, इंजिन मात्र तेलाविना चालवल्याने गेलं. पॉलिसीच्या भाषेत हे अपघातातून पुढे ओढवलेलं नुकसान, आणि साध्या पॉलिसीत ते वगळलेलं असतं. रेडिएटरचंही तसंच. कूलंट गळालेल्या गाडीचा तापमानाचा काटा वर चढत असताना ती चालवली तर हेड गॅस्केट उडतं आणि भांडण सुरू होतं. पुलावरच्या पाण्यात गाडी बंद पडली तर हाच नियम दुपटीने पाळा: सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात. इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं असलं तरी पुन्हापुन्हा स्टार्टर मारल्याचं दिसलं तर सर्व्हेअर, म्हणजे कंपनीने नुकसान तपासायला नेमलेला माणूस, त्यावर बोट ठेवतोच.

तेव्हा आधी गाडीखाली वाकून बघा. थेंब पडताहेत का, काळे की हिरवे-गुलाबी, चाक कमानीला घासतंय का. यातलं काहीही असेल किंवा एअरबॅग उघडली असेल, तर गाडी उचलूनच न्यायची.

टोइंगचा खर्च साध्या पॉलिसीत एका अपघाताला १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो. घाटातल्या खासगी क्रेनला तेवढे पुरत नाहीत. रोडसाइड असिस्टन्सचं कव्हर असेल तर आधी त्या क्रमांकावर फोन करा. खासगी क्रेन घ्यावीच लागली तर गाडीचा नंबर, तारीख, कुठून कुठपर्यंत हे लिहिलेली पावती घ्या.

‘इथेच मिटवून टाकू’

समोरचा म्हणतो, ‘साहेब, कशाला पोलीस, पाच हजार घ्या आणि विषय संपवा.’ किरकोळ खरचटलं असेल आणि क्लेम करायचाच नसेल तर हे ठीक आहे. पण पैसे घेऊन वर क्लेमही करायचा बेत असेल तर थांबा. पॉलिसीच्या अटींनुसार कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करणं, भरपाई देण्याचं आश्वासन देणं किंवा तडजोड करणं तुम्हाला मना आहे. ‘माझीच चूक, सगळं भरून देतो’ अशी चिठ्ठी लिहून दिली तर पुढे तीच चिठ्ठी तुमच्याविरुद्ध वापरली जाते. नाव, फोन, गाडीचा नंबर, विमा कंपनीचं नाव यांची देवाणघेवाण करा. बरे-वाईट शब्द टाळा.

चूक शंभर टक्के समोरच्याची असली तर त्याच्या विम्यातून दुरुस्ती का होत नाही, हा प्रश्न हमखास येतो. त्याच्या थर्ड पार्टी विम्यात, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्याच्या विम्यात, मालमत्तेच्या नुकसानीची सोय असते, खासगी कारसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंत. पण ती मिळवायला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. बंपर आणि दरवाजासाठी कुणी कोर्टाच्या तारखा करत नाही, म्हणून व्यवहारात प्रत्येकजण आपापल्या पॉलिसीतूनच गाडी दुरुस्त करतो. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, तीही मग आपलीच जाते. अन्यायकारक आहे, पण चालत आलंय असंच.

पोलीस कधी

कुणी जखमी झालं किंवा दगावलं, दुसऱ्याच्या मालमत्तेचं मोठं नुकसान झालं, गाडी चोरीला गेली किंवा समोरचा ठोकून पळाला, तर पोलिसांत नोंद हवीच. स्वतःच खांबाला, दुभाजकाला किंवा घराच्या फाटकाला घासलेल्या गाडीला एफआयआर लागत नाही, आणि गॅरेजवाला ‘लागेल’ म्हणाला तरी आधी कंपनीला विचारा. मधल्या प्रकरणांत ठाण्यातल्या नोंदीची प्रत घेऊन ठेवणं बरं.

गुन्हा दाखल झाला तर गाडी पोलीस ताब्यात घेतात, घटनास्थळाचा पंचनामा होतो आणि आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक गाडीचे ब्रेक-स्टिअरिंग तपासतो. ही तपासणी होण्याआधी गाडीला पाना लावू देऊ नका. त्यानंतर न्यायालयाच्या आदेशाने, सुपूर्दनाम्यावर (मागितली की हजर करण्याच्या लेखी हमीवर) गाडी परत मिळते. यात दिवस जातात, म्हणून विमा कंपनीला मात्र पहिल्याच दिवशी कळवा आणि गाडी कुठल्या ठाण्याच्या आवारात उभी आहे हेही लिहा.

पॉलिसी उघडून बघा, ती चालू आहे का

नवी गाडी घेताना २०१८ पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्याच्यासोबत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, म्हणजे ओन डॅमेजचं कव्हर बहुतेकदा एकाच वर्षाचं असतं. मालक समजतो तीन वर्षांचा विमा आहे. दुसऱ्या वर्षी गाडी ठोकली की कळतं, ओन डॅमेज कधीच संपलं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन वेगवेगळ्या मुदती छापलेल्या असतात, त्या दोन्ही वाचा. शिवाय २०१९ पासून ओन डॅमेज एका कंपनीकडून आणि थर्ड पार्टी दुसरीकडून घेता येतं. तसं असेल तर गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम पहिल्या कंपनीकडे, आणि जखमीने दावा केला तर त्याची नोटीस दुसऱ्या कंपनीकडे जाते.

जुनी गाडी घेतलेल्यांचा वेगळा घोळ. आरसी तुमच्या नावावर झाली, विमा अजून आधीच्या मालकाच्या नावावर. थर्ड पार्टी भाग कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतो. ओन डॅमेज येत नाही. त्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो केला नसेल तर गाडी दोघांपैकी कुणाच्याच नावाने दुरुस्त होत नाही.

क्लेम करावा की खिशातून भरावे

हे गणित गॅरेजमध्ये उभं राहून होत नाही, कारण तोटा पुढची पाच वर्षं हप्त्याहप्त्याने होतो. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढतो, आणि तो फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळतो. एक क्लेम केला की शून्यावर येतो.

समजा बोनसशिवाय तुमचा ओन डॅमेज प्रीमियम ९,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला आहे. क्लेम केल्यावर पुढच्या वर्षी सवलत शून्य, मग २०, २५, ३५, ४५. दरवर्षी गमावलेली सवलत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे एकूण १२५ टक्के. ९,००० चे सव्वापट ११,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १३,२७५. दरवर्षी गाडीची किंमत घटते तसा प्रीमियमही थोडा उतरतो, त्यामुळे खरा आकडा जरा कमी भरेल. तरी दहा-बारा हजारांपर्यंतचं काम अशा माणसाने खिशातून करावं. बोनस अजून २० टक्क्यांवरच असेल तर हाच तोटा प्रीमियमच्या सुमारे ०.८ पट होतो, आणि क्लेमचा उंबरठा तितका खाली येतो. बोनस प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलं असेल तर वर्षात किती क्लेमपर्यंत ते टिकतं ते पॉलिसीत बघा.

तुलना करताना बिलाच्या रकमेशी करू नका. कंपनी प्रत्यक्षात किती देणार त्याच्याशी करा. बिल १८,००० आणि मिळणार ११,०००, असं सहज होतं. त्याचा हिशोब पुढे आहे.

कळवणं आणि हकीकत लिहिणं

फोन, ॲप किंवा वेबसाइट, कुठूनही कळवा, पण त्याच दिवशी. क्लेम नंबर मिळाला नाही तर कळवलं असं धरू नका. उशीर झालाच तर कारण लेखी द्या. केवळ उशीर झाला म्हणून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे.

हकीकत दोन-तीन वाक्यांची आणि नेमकी असावी. ‘गाडीला अपघात झाला’ एवढंच लिहिलं तर चौकशी वाढते. ‘रात्री सव्वानऊच्या सुमारास खेड शिवापूरजवळ पुढचा ट्रक अचानक थांबला. ब्रेक दाबून डावीकडे वळवूनही माझ्या गाडीची पुढची उजवी बाजू ट्रकच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला लागली,’ असं लिहा. सर्व्हेअर हे वाक्य पत्र्याशी ताडून बघतो. ट्रकच्या मागे घुसलेल्या गाडीचं बोनेट वरून चेपतं आणि बंपर त्यामानाने वाचतो. भिंतीला धडकलेल्या गाडीचा बंपर आधी जातो. ओरखड्यात समोरच्या गाडीचा रंग उतरतो. जुन्या पोच्याला कडेने गंज आणि आत धूळ असते. कुठली खूण कशाची, हे त्याला तुमच्या सांगण्यावरून कळावं लागत नाही.

म्हणूनच ‘मागचा दरवाजाही यातच बसवून देतो’ असं गॅरेजवाला म्हणाला तर नको म्हणा. वेगळ्या वेळी झालेलं नुकसान म्हणजे वेगळा क्लेम. एक खोटी ओळ सापडली की खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

त्याहून घातक म्हणजे चालकाचं नाव बदलणं. मुलगा चालवत होता, फॉर्मवर वडिलांचं नाव. याची गरजच नसते. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्स असलेलं कुणीही गाडी चालवत असेल तरी पॉलिसी लागू असते. लर्निंग लायसन्सवालाही चालतो, फक्त शेजारी लायसन्सधारक बसलेला आणि ‘एल’ची पाटी लावलेली हवी. उलट रुग्णालयाचे कागद, पंचनामा आणि टोलनाक्यावरचा कॅमेरा वेगळंच नाव सांगायला लागले, तर मिळण्याजोगा क्लेमही बुडतो.

कागद मोजकेच लागतात: क्लेम फॉर्म, आरसी, चालकाचं लायसन्स, पॉलिसी, केवायसीची कागदपत्रं, रद्द केलेला चेक, आणि गुन्हा असेल तर एफआयआर. पीयूसी नसल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, हे आयआरडीएआयने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. दंड होतो तो वेगळा.

गॅरेज आणि सर्व्हेअर

सर्व्हे झाल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. इथे अपवाद नाही. ५०,००० रुपयांवरच्या मोटार नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याखालच्या कामांना कंपन्या बरेचदा फोटो किंवा व्हिडिओ कॉलवर मंजुरी देतात. २०२४ च्या नियमांनुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा, अशी मुदत आहे. सर्व्हेअरची फी कंपनी देते. तुमच्याकडे कुणी मागितली तर कंपनीला लेखी विचारा.

गॅरेजचं पहिलं एस्टिमेट बाहेरून दिसतं तेवढ्याचंच असतं. बंपर उतरवल्यावर आतला क्रॉस मेंबर, कंडेन्सर, रेडिएटरचा पंखा, हेडलाइटचे ब्रॅकेट निघतात. यासाठी पुरवणी एस्टिमेट द्यायचं असतं आणि ते सर्व्हेअरने सुटे भाग बघितल्यानंतरच. इथे क्लेम सर्वांत जास्त फाटतो: मेकॅनिक उत्साहाने तुटका भाग भंगारात टाकतो, नवा बसवतो आणि नंतर बिल लावतो. न पाहिलेल्या भागाचे पैसे सर्व्हेअर देत नाही. उतरवलेला प्रत्येक भाग क्लेम संपेपर्यंत बाजूला ठेवा, असं जॉब कार्डवर लिहूनच घ्या.

‘बदली की दुरुस्ती’ यावरही मतभेद होतात. पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ होत असेल तर सर्व्हेअर दुरुस्ती लावतो. पत्रा फाटला, घडी पडली किंवा कड मोडली तर बदली. त्याचं म्हणणं पटलं नाही तर गॅरेजच्या सल्लागाराकडून कारण लिहून घ्या (‘बोनेटचं कुलूप बसत नाही’, ‘दरवाजाची फट समान येत नाही’) आणि ते ईमेलने पाठवा. तोंडी वाद फुकट जातो.

कंपनी किती देते

झिरो डेप, ज्याला लोक बंपर टू बंपर म्हणतात, ते नसेल तर सुट्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाबद्दलची घट, कापतात. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी, एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काहीच नाही. बाकीच्या, म्हणजे मुख्यतः धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले ६ महिने शून्य, वर्षापर्यंत ५, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, त्यापुढे ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्याचा चौथा भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात.

सव्वातीन वर्षं जुन्या, १,२०० सीसीच्या गाडीचं एक मानीव बिल लावून बघू. आधी बिल, मग मिळणारी रक्कम:

पुढचा बंपर: ६,००० पैकी ३,०००
हेडलाइट: ८,००० पैकी ४,०००
बोनेट: १०,००० पैकी ७,५००
फेंडर: ४,००० पैकी ३,०००
पुढची काच: ७,००० पैकी ७,०००
डेंटिंग-फिटिंगची मजुरी: ६,००० पैकी ६,०००
रंगकाम: १२,००० पैकी १०,५००
कूलंट, क्लिपा, नट-बोल्ट: १,५०० पैकी काही नाही

बिल ५४,५००. मंजूर ४१,०००, त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपणच सोसायची ठरलेली रक्कम, १,००० (१,५०० सीसीवरच्या गाडीला २,०००). हाती ४०,०००, खिशातून १४,५००. जुन्या भागांची भंगार किंमत कापली तर आणखी थोडे. प्रीमियम कमी करण्यासाठी ऐच्छिक वजावट घेतली असेल, तर तीही इथेच जाते. घेताना ती कुणाच्या लक्षात राहत नाही.

झिरो डेप असेल तर यातले घसाऱ्याचे १२,००० वाचतात. सक्तीची वजावट मात्र जातेच, आणि कूलंट-क्लिपांसाठी कन्झ्युमेबल्सचं वेगळं कव्हर लागतं. टायर आणि बॅटरी झिरो डेपमधून वगळलेल्या पॉलिसी पुष्कळ आहेत, आणि वर्षाला किती क्लेम झिरो डेपने मिळतील यावरही मर्यादा असते.

गॅरेजमधून गाडी परत घेताना

कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे. कंपनी गॅरेजला थेट पैसे देते. वरच्या उदाहरणातले १४,५०० तुम्हीच भरता. गॅरेज कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसेल तर सगळं बिल आधी भरून नंतर परतफेड घ्यायची. परतफेडीच्या क्लेममध्ये काम झाल्यावर सर्व्हेअर पुन्हा एकदा गाडी बघू शकतो, म्हणून त्याला विचारल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका.

सर्व्हेअरने मंजूर केलेल्या भागांचा तक्ता मागा आणि तो बिलाशी ओळीओळीने जुळवा. ‘नवा’ म्हणून मंजूर झालेला हेडलाइट जुनाच चिकटवून बसवलेला नाही ना, ते बघा. रंग उन्हात बघा, शेडच्या ट्यूबलाइटखाली सगळेच पत्रे सारखे दिसतात. दरवाजांच्या फटी, व्हील अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत, एसीची थंडी, डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा, सगळं तपासा. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाडीत काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागतं. ते केलं का, विचारा. ‘काम समाधानकारक’ या कागदावर सही सगळ्यात शेवटी.

गाडी दुरुस्तीपलीकडे गेली तर

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात. आयडीव्ही ४ लाख असेल तर ३ लाखांच्या पुढे. मग सुट्या भागांचा घसारा मोजत नाहीत. आयडीव्हीतून वजावट कापून रक्कम ठरते. गाडीचा सांगाडा कंपनीने आणलेला खरेदीदार घेतो, किंवा तुम्ही ठेवून घेता आणि त्याची किंमत रकमेतून वजा होते.

ऑनलाइन पॉलिसी घेताना चारशे-पाचशे वाचवायला आयडीव्ही खाली ओढलेला असतो, त्याचा फटका इथे बसतो. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात, आणि ते बाकीपेक्षा कमी पडले तर उरलेले हप्ते तुमच्याच गळ्यात. सांगाडा दिल्यावर आरसीचा पाठपुरावा सोडू नका. गाडी मोडीत निघत असेल तर आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. खरेदीदार ती पुन्हा रस्त्यावर आणणार असेल तर त्याच्या नावावर होईपर्यंत मागे लागा. नाहीतर चलनं, आणि पुढचा अपघातही, तुमच्या नावावर येतो. फास्टॅगही बंद करा.

जखमी किंवा मृत्यू

इथे तुमचं काम मुख्यतः कळवण्याचं. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. न्यायाधिकरणाची नोटीस आली की ती त्याच दिवशी थर्ड पार्टी विमा कंपनीला पाठवा, पोच घ्या. ‘आपला विमा आहे, कंपनी बघून घेईल’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेली नोटीस पुढे एकतर्फी निकालापर्यंत जाते.

मालक स्वतःच गाडी चालवत होता आणि तो दगावला किंवा कायमचा अपंग झाला, तर १५ लाखांपर्यंतचा वैयक्तिक अपघात विमा असतो. त्यासाठी न्यायाधिकरणात जावं लागत नाही, थेट कंपनीकडे क्लेम करायचा. दुःखाच्या घरात हा क्लेम अनेकदा राहूनच जातो, कारण सगळ्यांचं लक्ष गाडीवर असतं.

नाकारला तर

दारू पिऊन चालवणं, वैध लायसन्स नसणं, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीत भाड्याने प्रवासी नेणं या कारणांपुढे फार काही चालत नाही. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसी आणि पॉलिसीत नोंदवलेलं नसेल तर वाद ठरलेला. बाकी कारणांवर मात्र लढता येतं. नकार लेखी मागा, पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली हे विचारा, आणि सर्व्हे अहवालाची प्रत घ्या.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. सोबत आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई, ठाणे आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील चालत नाही, आणि कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग उघडा राहतो, पण त्याची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं असते.

कमी रक्कम देऊन ‘पूर्ण आणि अंतिम’ म्हणून सही मागितली जाते, तेव्हा पैशांची निकड असेल तर सही करा. मात्र त्याच दिवशी कंपनीला ईमेल पाठवा, की ही रक्कम हरकत राखून घेतली आहे आणि अमुक इतकी रक्कम अजून येणं आहे. महिन्यानंतर पाठवलेल्या ईमेलला तेवढं वजन राहत नाही.